मंगलआत्या आणि मधली जागा

लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली होती आणि कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता, तेव्हा बाबांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "आत्या गेली गं." मी "बरं" म्हणाले. बरं म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, पण तेच तोंडातून निघालं, आणि बाबांनी फोन ठेवला. मी नांदेडहून लातूरला निघाले होते ती मंगलआत्याकडेच. ती त्या दिवशी दवाखान्यातून घरी येणार होती. आमचं एक काम अर्धं राहिलं होतं, एका मुलीची परीक्षा जवळ आली होती आणि ते काम त्या परीक्षेआधी संपायला हवं होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं गं बाई?" मी "काही नाही" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. अहमदपूर मागे पडल्यावर मात्र मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि जिथं आम्ही थांबलो होतो तिथून पुढं सुरुवात केली. कुणाला हे कोरडं वाटेल. पण गाडीत बसून रडण्यात मी ते तास घालवले असते, तर आत्यानं मला माफ केलं नसतं.

नंतर भेटायला येणारे लोक एकच गोष्ट सांगत राहिले. गल्लीतले क्लासवाले सर, झेरॉक्सचं दुकान चालवणारे काका, घरमालकीण काकू... सगळे म्हणायचे, "बाई मोठी टापटीप होती." ते खरंही होतं. तिच्या टेबलावरच्या कागदाची कड कधी वाकडी दिसायची नाही, साडीची निरी हलायची नाही. मी मान हलवत होते. पण तिच्या आयुष्याचे शेवटचे महिने ज्या एका भांडणात गेले, ते भांडण नीटनेटकेपणाच्या बाजूनं नव्हतं. ते त्याच्या विरुद्ध होतं. हे त्या दिवसांत मला कुणाला सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

मंगलआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्न होऊन ती निलंग्याच्या बाजूला एका खेड्यात गेली. त्र्याण्णव साली गौरी-गणपतीला माहेरी नांदेडला आली होती आणि विसर्जनानंतर दोन दिवस राहा म्हणून आजोबांनी तिला थांबवून घेतलं, म्हणून ती वाचली. भूकंपात तिचा नवरा आणि सासू दोघंही गेले. ती परत गावी गेली, पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, नव्या गावात तिच्या नावानं घर मिळेपर्यंत थांबली, घराची चावी हातात आल्यावर काही महिने तिथं राहिली, आणि मग कुलूप लावून लातूरला आली. तिथं ती टायपिंग शिकली. हे सगळं मला बाबांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. ती स्वतः भूकंपाबद्दल बोलायची नाही. कुणी विषय काढला तर म्हणायची, "झालं ते झालं. चहा ठेवू का?"

मी अकरावीला तिच्याकडे राहायला गेले तेव्हा लातूरच्या त्या गल्लीत एक घर धड घर उरलं नव्हतं. खाली क्लास, वर होस्टेल, गच्चीवर मेस. सकाळी सायकली आणि स्कूट्यांमधून वाट काढत चालावं लागायचं. परभणी, जळकोट, देगलूर, कुठून कुठून मुलं आलेली असायची आणि सगळ्यांच्या पाठीवर एकाच क्लासची बॅग. आत्याचं ऑफिस एका स्टेशनरीच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर. क्लासवाल्यांच्या सराव परीक्षा, प्रश्नसंच, उत्तरसूची, सगळं टाईप होऊन तिथून बाहेर पडायचं. माझी शाळा नांदेडला इंग्रजी माध्यमाची. मला मराठी वाचता-लिहिता यायचं, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की शब्द गायब व्हायचे, आणि खरं सांगायचं तर इंग्रजीतही तेच व्हायचं. क्लासमध्ये दोन वर्षांत मी एकदाही शंका विचारली नाही. आत्याला ते माहीत होतं. तिनं मला कधी "बोलकी हो" म्हणून छळलं नाही. एकदा पाहुण्यांसमोर कुणीतरी म्हणालं, "पोरगी मुकीच हाय का काय?" तर ती शांतपणे म्हणाली, "बोलणारे लई झाले. बघणारं बी कुणी लागतंय की."

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. नांदेडलाच मी कॉम्प्युटरची डिग्री घेतली. डिग्रीनंतर पुण्याला जावं की नाही याचा विचार करत घरी बसले होते, तेव्हा आत्याचा फोन आला. नांदेडच्या एका कंपनीनं मोबाईलवर प्रश्नसंच देणारं ॲप काढलं होतं आणि भरतीच्या परीक्षांचे प्रश्न तिच्याकडून हवे होते. पण छापायच्या फाइली त्यांना चालत नव्हत्या. "एक्सएमएल मागून राहिलेत," ती म्हणाली, "ते काय असतंय ते तू ये अन् मला सांग. मला येणार न्हाई असं सांगू नको फक्त."

मी गेले आणि सांगितलं. डब्यात डबा, तसं ते असतं. एका मोठ्या डब्यात प्रश्न, त्याच्या आत चार पर्यायांचे चार डबे, एक उत्तराचा. एखाद्या आकड्यावर घात असेल तर त्या आकड्याला चिकटून आणखी एक इवलासा डबा. प्रत्येक डब्यावर नाव लिहिलेलं. कॉम्प्युटरच्या आत हे सगळं रचून तयार असतं. पण दुसऱ्याला पाठवायचं म्हणजे ते उलगडून साध्या मजकुरात उतरवावं लागतं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, एका धाग्यासारखं. आणि उतरवताना निवड करावी लागते. अक्षरं कोणत्या पद्धतीनं लिहायची, वर ओळख सांगणारी पहिली ओळ ठेवायची की नाही, रिकामा डबा उघडा दाखवायचा की बंद, प्रत्येक डबा नव्या ओळीवर घ्यायचा की सगळं सलग सोडायचं. आतला ऐवज तोच राहतो, उतरवायच्या तऱ्हा वेगळ्या. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लग्नाचं सामान टेम्पोत कसं भरायचं, तसं."

त्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. टिचक्या मारायच्या चौकटी असलेली एक खिडकी. चौकटींची नावं मी इंग्रजीत ठेवली होती. ती तिनं सगळी बदलायला लावली. "उद्या तू पुण्याला गेलीस तर मी कुणाला विचारू?" मग 'डोकं ठेवा', 'रिकामं मिटवा', 'अक्षरं अक्षरंच ठेवा', 'ओळी पाडा' अशी नावं पडली. मी दर आठवड्याला एसटीनं यायचे, दोन दिवस राहून परत जायचे. बाकीचे दिवस ती खिडकी तीच चालवायची.

पहिला संच गेला तेव्हा कंपनीचे मॅनेजर बिरादार साहेब यांचा फोन आला. ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल एवढा त्यांचा आवाज होता. "ताई, हे काय पाठवलंत? प्रश्न हायत का जुगाराचे आकडे?" 'अक्षरं अक्षरंच ठेवा' ही चौकट मोकळी राहिली होती, त्यामुळं प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक उतरला होता. फाइल बरोबर होती. मोबाईलवर उघडली असती तर सगळं मराठी व्यवस्थित दिसलं असतं. मी हळू आवाजात आत्याला तसं सांगितलं, तिनं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मोबाईलचं सोडा. आमची पोरं फाइल उघडून डोळ्यानं तपासतेत. डोळ्याला नीट दिसलं पाहिजे." आत्यानं टिचकी मारून फाइल पुन्हा पाठवली आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "घ्या. पाहुण्याला घर कसं हाय ते बघायचं नसतंय, आवरलेलं हाय का ते बघायचं असतंय."

चूक तिथूनच निघाली. काही दिवसांनी बिरादार साहेब स्वतः लातूरला यायचे होते, पुढच्या वर्षाचं काम कुणाला द्यायचं ते बघायला. आमच्याकडं पाहुणे येणार म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. चादरी बदलतात, पडदे धुतले जातात, रोजच्या वापरातल्या वस्तू पलंगाखाली जातात आणि पाहुणे गेल्यावर दोन दिवस सापडत नाहीत. आत्यानं ऑफिस धुवून घेतलं, आणि तशाच मनानं फाइलीही आवरल्या. 'ओळी पाडा' ही चौकट तिनं पहिल्यांदाच टिचकावली. सलग पसरलेला मजकूर पायऱ्या-पायऱ्यांनी सुंदर दिसायला लागला. प्रत्येक डबा आपल्या ओळीवर, आतला डबा थोडा आत सरकलेला. बिरादार साहेबांनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "वा ताई! आता कसं, रांगोळी काढल्यासारखं." काम मिळालं. जुने संचही तिनं तसेच आवरून पाठवले, आणि पुढं वर्षभर सगळे प्रश्न तसेच जात राहिले.

रेणुका आमच्या ऑफिसात आली ती तक्रार घेऊन. जळकोटकडची मुलगी, गल्लीतल्याच एका होस्टेलवर राहायची, भरतीच्या परीक्षेची तयारी करायची. जन्मापासून तिला दिसत नाही. मोबाईलमधलं बोलणारं सॉफ्टवेअर जे वाचून दाखवेल ते ऐकून ती अभ्यास करते, आणि इतक्या वेगानं ऐकते की मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. प्रश्न या ऑफिसातून जातात हे तिला क्लासमध्ये कळलं होतं. दारातूनच तिनं विचारलं, "गणिताचे प्रश्न कोण करतंय इथं? त्या माणसाला भेटायचंय मला."

आत्या म्हणाली, "मी करते. बस की. पाणी घे."

"पाणी नको. हे ऐका आधी."

तिनं वेग कमी करून एक प्रश्न लावला. मोबाईल म्हणाला, "दोन... पाच... बरोबर किती?" आणि मग चार पर्याय. दहा, पंचवीस, बत्तीस, चौसष्ट.

"आता सांगा, काय उत्तर लिहू?" रेणुका म्हणाली. "दोन गुणिले पाच का? का पंचवीस? होस्टेलच्या पोरी म्हणतेत दोनचा पाचवा घात हाय, त्यांना दिसतंय. मला प्रत्येक वेळी त्यांना विचारावं लागून राहिलंय. परीक्षेत कोण सांगणार हाय? सराव तरी माझा मला करू द्या."

मी त्या दिवशी लातूरलाच होते. फाइल उघडली आणि कारण लगेच दिसलं. घाताचा छोटा डबा आकड्याला चिकटून असायला हवा होता. ओळी पाडताना तो खालच्या ओळीवर गेला, आणि आकडा व घात यांच्यामध्ये एक मोकळी जागा शिरली. मोबाईलच्या पडद्यावर ती इतकी बारीक दिसायची की डोळ्याला कळायचीही नाही. पण आकड्याला लगेच चिकटलेला घात दिसला तरच त्याला 'घात' म्हणायचं, असं ॲपमध्ये ठरवलेलं होतं. मध्ये जागा आली की ते नातं तुटायचं. पाण्याच्या सूत्राचंही तेच, कार्बन डायऑक्साईडचंही तेच. जिथं जिथं दोन गोष्टी एकमेकींना टेकून होत्या, तिथं तिथं आम्ही त्यांना ओळीत उभं केलं होतं.

आत्यानं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "ती टिचकी मी मारली होती." आणि रेणुकाला म्हणाली, "तुझी परीक्षा कधी हाय?" रेणुका म्हणाली, पावसाळ्यानंतर केव्हातरी लागेल. आत्या म्हणाली, "तोवर सगळे प्रश्न सरळ करून देते." मी चमकून तिच्याकडं पाहिलं. सगळे म्हणजे किती, हे मला माहीत होतं.

चौकट मोकळी करून फाइली पुन्हा काढल्या की झालं, असं कुणालाही वाटेल. मलाही आधी वाटलं होतं. पण वर्षभरात कंपनीच्या मुलांनी त्या पायऱ्या पाडलेल्या फाइलींमध्येच दुरुस्त्या केल्या होत्या. चुकलेली उत्तरं बदलली होती, प्रश्न जुने झाले म्हणून काढले होते, नवे घातले होते. आमच्याकडचं मूळ शिळं झालं होतं. आणि पायऱ्यांच्या फाइलीतून सगळ्या मोकळ्या जागा उपटून टाकाव्यात, तर त्यात खऱ्या जागाही होत्या. दोन शब्दांमधल्या, आकडा आणि किलोमीटरमधल्या. कोणती जागा मूळची आणि कोणती आवरताना शिरलेली, हे प्रोग्रॅमला ओळखता येत नव्हतं. ते माणसानंच एकेक प्रश्न बघून ठरवायचं होतं.

मी आणि आत्या नांदेडला बिरादार साहेबांकडं गेलो. तिला तेव्हाच धाप लागत होती. डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं होतं आणि ती ते कुणाला सांगू देत नव्हती. गाडीत तिनं आपणहून, काहीही न विचारता, पहिल्यांदा गावाबद्दल सांगितलं. नवं गाव बांधलं तेव्हा इंजिनियरनं नकाशा दाखवला होता. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, ओळीत घरं. ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर, तशा वेगवेगळ्या ओळी. "घरं चांगली दिली, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण जुन्या गावात माझ्या अन् शहनाजबीच्या घराची भिंत एकच होती. तिला ताप आला तर मला खोकण्यावरून कळायचं. नव्या गावात ती पार तिकडच्या ओळीत गेली. मधी एवढा रस्ता. दोन वेळा गेले तिच्याकडं, मग कामं निघाली. तिचा मुलगा गेला ते मला चार दिवसांनी कळलं, नेहा. गाव दिसायला लई छान. कुणी पाहुणा आला की म्हणायचा, काय आखीव गाव हाय..." ती पदरानं चेहरा पुसून म्हणाली, "आकड्याला घात चिकटलेलाच पाहिजे."

बिरादार साहेबांनी चहा मागवला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं मन मोठं हाय. पण हजारो पोरं वापरून राहिलेत, कुणाची तक्रार न्हाई. एका पोरीसाठी सगळं उलटंपालटं करायचं का?"

"साहेब, एक मिनिट डोळे मिटा," आत्या म्हणाली.

"काय?"

"मिटा की. देवाला मिटता तसे. नेहा, लाव गं."

मी मोबाईलवर प्रश्न लावला. "दोन... पाच... बरोबर किती?" साहेब डोळे मिटून हसत होते. "दहा," ते म्हणाले. "चूक," आत्या म्हणाली. दुसरा लावला. "पंधरा?" "चूक." तिसऱ्याला त्यांनी हात वर केले. डोळे उघडून म्हणाले, "ताई, तुम्ही मला पाचवीत नेऊन बसवलं."

तरी ते लगेच मानले नाहीत. तपासणाऱ्या मुलांना ओळी हव्यातच, म्हणाले. आत्यानं उत्तर तयार ठेवलं होतं. बघायला एक प्रत पायऱ्या पाडून, आणि मोबाईलला दुसरी, सलग. आतला ऐवज एकच, उतरवायच्या तऱ्हा दोन. दुरुस्ती बघायच्या प्रतीत खुणेनं सुचवायची, करायची आमच्याच मूळ फाइलीत. नव्या संचांना ते हो म्हणाले. जुन्यांना मात्र नाही. "जुनं तुम्हाला करायचं तर करा, तुमच्या वेळेत. आमची पोरं मिळणार न्हाईत." आत्या उठता-उठता म्हणाली, "मागितली कुणी?"

मग ते काम सुरू झालं. डोळ्यानं बघून चालणार नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं, कारण डोळा त्या जागेवरून नुसता घसरत जायचा. म्हणून प्रत्येक प्रश्न ऐकायचा. रेणुका क्लास सुटला की यायची. रेणुका ऐकायची, आत्या ऐकायची, मी दुरुस्त करायचे. रेणुकानं त्या शिरलेल्या जागांना नाव दिलं होतं, 'दम'. "थांब, इथं दम खाल्ला त्यानं," ती म्हणायची आणि मी मागे जायचे. खिडकीतून गल्लीचा गोंगाट यायचा, पण खरा अडथळा होता पंख्याचा. छताचा जुना पंखा घरघरायचा आणि त्यात तो बारीक दम बुडून जायचा. आत्यानं उठून बटण बंद केलं. एप्रिलमधलं लातूर, वर पत्रा, आणि पंखा बंद. घाम गळ्यावरून उतरायचा. मी म्हणाले, "आत्या, तुझी तब्येत..." ती म्हणाली, "तब्येत ऐकत बसले तर प्रश्न कोण ऐकेल?" रेणुका म्हणाली, "ताई, मला तर उकाड्यात झोप येतेय." आत्या म्हणाली, "झोप. पण कान उघडे ठेव." दोघी हसल्या. मग खोलीत फक्त मोबाईलचा आवाज उरायचा आणि आम्ही तिघी डोळे मिटून बसायचो.

पावसाळा लागला तेव्हा तिला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा मी भेटायला गेले तर उशीखाली मोबाईल. नर्स रागावली होती. आत्या मला म्हणाली, "तिला सांग, गाणी ऐकून राहिले म्हणून." ती विज्ञानाचे प्रश्न ऐकत होती. श्वास घ्यायला तिला थांबावं लागत होतं आणि त्या थांबण्यातच तिनं मला एका सूत्राचा क्रमांक सांगितला, जिथं दम राहून गेला होता. तो तिनं सांगितलेला शेवटचा. दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन यायला नांदेडला गेले. बाबांना ऑफिसातून सुटी मिळाली नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच परत निघाले, आणि गाडी लोह्याला थांबली...

तेरावं झाल्यावर बिरादार साहेबांचा फोन आला. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, आवाज नेहमीपेक्षा खूप खाली होता. आत्याबद्दल ते बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "बाळा, आता ते जुन्या संचांचं राहू दे. ताईंचा जीव त्यात अडकला होता, म्हणून मी बोललो न्हाई. तू एकटी कुठं करणार? नवं काम चालू ठेव, तेवढं बास." एरवी मी "हो सर" म्हणाले असते. घराबाहेरच्या माणसासमोर माझ्या तोंडातून कधी दुसरं काही निघालेलं नव्हतं. रेणुका समोर बसली होती. तिची परीक्षा महिन्यावर आली होती आणि भूमितीचा अख्खा संच राहिला होता. मी म्हणाले, "नाही सर. राहू देता येणार नाही." मी पुढं म्हणाले, "आणि सर, तपासलेली फाइल चढवायला तुमच्याकडचा एक माणूस लागेल. पुढच्या सोमवारपासून." रेणुका तोंडावर हात धरून हसत होती. साहेब म्हणाले, "ताईंसारखंच बोलून राहिलीस तू." सोमवारी माणूस मिळाला.

संच परीक्षेच्या आठवडाभर आधी पुरा झाला. रेणुकानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या वेगानं ऐकला, मला अजिबात कळत नाही त्या वेगानं, आणि एकदाही कुणाला विचारलं नाही. तिनं परीक्षा दिली. निकाल अजून लागायचा आहे. ती पास होईल की नाही हे मी इथं सांगू शकत नाही, आणि तिलाही आत्ता त्यावर बोलायचं नाहीये. ती म्हणते, चुकलं तर माझं चुकलं असेल, प्रश्नाचं न्हाई, एवढं बास.

मी पुण्याला गेले नाही. निकालाची वाट बघता-बघता रेणुका आमच्याकडं कामाला लागली आहे; नवा संच बाहेर जायच्या आधी ती आणि मी तो ऐकतो. परवा दुपारी घरमालकीण काकू वर आल्या. आम्ही दोघी डोळे मिटून, घामानं भिजून बसलेलो, वर पंखा थांबलेला. त्या दारातच थबकल्या.

"लाईट गेली का गं, पोरींनो?"

"न्हाई काकू," रेणुका डोळे न उघडता म्हणाली, "ऐकून राहिलोय."